जंत गेले, हे कशावरून?

वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जंतांची गोळी मिळते. अल्बेंडाझोल. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून हे चालू आहे. दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच चौकशी होते: "पडला का जंत?" बहुतेक घरांत उत्तर 'नाही' असतं. मग कुणी म्हणतं गोळी फुसकी होती, कुणी म्हणतं आमच्या पोराला जंत नव्हतेच.

दोन्ही निष्कर्ष घाईचे. अंकुशकृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो आणि मेल्यावर आतड्यातच बराचसा विरघळतो. डोळ्यांना सहज दिसतो तो फक्त २० ते ३५ सेंटिमीटर लांबीचा गोलकृमी. मग बाकीचे गेले की नाही हे प्रयोगशाळा कसं ठरवते? आणि तिच्या 'नाही'वर किती विसंबायचं?

जंत मोजायचे की अंडी?

मातीतून पसरणारे मुख्य जंत तीन: गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. ज्याच्या शरीरात ते राहतात त्याला शास्त्रीय मराठीत 'यजमान' म्हणतात. पाहुण्यांना आमंत्रण नसलं तरी शब्द हाच.

यजमानाच्या आतड्यातले जंत थेट मोजता येत नाहीत. म्हणून त्यांनी मागे सोडलेल्या खुणा मोजाव्या लागतात. शौचातली अंडी ही पहिली खूण, त्यातला डीएनए ही दुसरी. काही जंतांचे प्रथिनांचे तुकडे रक्तात उतरतात, आणि यजमानाच्या शरीराने जंताविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडंही रक्तात सापडतात. या चारही खुणा वेगवेगळी गोष्ट सांगतात. एका पद्धतीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावलं की गोंधळ होतो, आणि बातम्यांमध्ये तो नेहमी होतो.

तांदळाच्या दोन दाण्यांएवढा नमुना

जगभरच्या सर्वेक्षणांत आजही जी पद्धत वापरतात तिचं नाव काटो-काट्झ. जपानच्या काटो यांनी १९५४ मध्ये तिची सुरुवात केली. ब्राझीलच्या काट्झ यांनी १९७२ मध्ये तिला मोजमाप दिलं. एक साधा सूक्ष्मदर्शक सोडला तर महागडं काही लागत नाही.

थोडं शौच कागदावर ठेवायचं आणि वरून बारीक जाळी दाबायची. जाळीच्या छिद्रांतून वर आलेला मऊ भाग चपट्या पट्टीने खरवडून घ्यायचा. न पचलेला चोथा खालीच राहतो. काचपट्टीवर मधोमध भोक असलेला प्लास्टिकचा साचा ठेवून ते भोक काठोकाठ भरायचं आणि साचा अलगद उचलायचा. काचेवर राहते ती ४१.७ मिलिग्रॅमची गोळी, वजनाला कच्च्या तांदळाचे दोन दाणे. तिच्यावर ग्लिसरीन आणि मॅलाकाइट ग्रीनच्या पाण्यात किमान २४ तास भिजवलेला सेलोफेनचा तुकडा ठेवायचा, काच उलटी करून गुळगुळीत फरशीवर दाबायची. थर इतका पातळ हवा की काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत.

ग्लिसरीन हळूहळू मळ पारदर्शक करतं, अंडी दिसू लागतात. ती मोजायची आणि २४ ने गुणायची. आली 'दर ग्रॅमला अंडी'.

यात बिघडण्यासारखं बरंच आहे. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच पातळ, त्यामुळे ग्लिसरीन त्यालाही पारदर्शक करून टाकतं. अर्ध्या ते एका तासात काच वाचली नाही तर अंडी नाहीशी होतात, आणि उकाड्यात तर आणखी लवकर. गावातून सकाळी काचा तयार करून दुपारी तालुक्याला नेऊन वाचल्या, तर गोलकृमी नि चाबूककृमी जसेच्या तसे दिसतील, पण अंकुशकृमी 'नाही' येईल. पातळ शौच तर साच्यात भरताच येत नाही. म्हणजे पोट बिघडलेल्या मुलाचाच नमुना ही पद्धत नाकारते.

शितावरून भाताची परीक्षा इथं फसते

एक शीत चेपून भात शिजला का ते कळतं, कारण पातेल्यातली सगळी शितं साधारण सारखी शिजतात. शौचात अंडी अशी सारखी पसरलेली नसतात. एका टोकाला झुबका, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असं होतं.

ती अगदी सारखी पसरली आहेत असं मानूनही एक हिशेब करून पाहू. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दिवसाचं शौच २०० ग्रॅम धरलं तर ग्रॅमला १,००० अंडी, आणि आपल्या दोन दाण्यांत चाळीसेक. एकच मादी असली तरी ती सुटणं अवघड. चाबूककृमीची मादी समजा दिवसाला ५,००० घालते. म्हणजे ग्रॅमला २५, आणि काचेवर सरासरी एक. सरासरी एक असली की काही काचांवर दोन-तीन येतात आणि शंभरातल्या साधारण ३५ काचांवर एकही येत नाही. जंत आहे, मादी अंडी घालतेय, तंत्रज्ञ चोख आहे, तरी तीनात एक वेळ अहवाल 'नाही'. त्याच नमुन्याच्या दोन काचा वाचल्या तर चूक शंभरात १२-१३ वर येते. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात दोन काचा वाचतात, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशीचे नमुने घेतात.

नेदरलँड्समधल्या लायडन इथं निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेतून मोजून ५० अंकुशकृमींच्या अळ्या आत सोडून अभ्यास झाले. अळ्या मोजून दिलेल्या असूनही एकाच माणसाची अंड्यांची संख्या रोज खालीवर होत होती. आतली संख्या माहीत असताना ही गत, तर गावात काय होत असेल याची कल्पना करता येते.

आता यातली खरी अडचण बघा. जंत पुष्कळ असतात तेव्हा ही पद्धत उत्तम चालते. गोळ्यांनी जंत कमी होत गेले की तीच पद्धत अधिकाधिक चुकू लागते, तीही नेहमी एकाच बाजूला: 'जंत संपले' या बाजूला.

जंतांचं घड्याळ

नमुना किती घ्यायचा याइतकंच तो कधी घ्यायचा याला महत्त्व आहे. हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं आपल्याकडे रात्री दहा ते दोनच्या सुमारास बाहेरच्या रक्तवाहिन्यांत येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. दिवसा ती फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत दडून असतात. म्हणून तर आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवून बोटातलं रक्त मागतात. त्यांच्यावर वैतागू नका. नवी पट्टी दिवसाही चालते: बोटातलं ७५ मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटांत निकाल. ती प्रौढ जंताने रक्तात सोडलेलं प्रथिन शोधते. पण दहा मिनिटांनंतर बऱ्याच उशिरा वाचली तर खोटी रेघ उमटते. शिवाय औषधाने पिल्लं संपल्यावरही हे प्रथिन दीर्घकाळ रक्तात राहतं, त्यामुळे औषधाचा गुण आला का हे तिच्यावरून लगेच ठरत नाही.

मूत्राशयाच्या रक्तकृमीचं वेळापत्रक उलटं: त्याची अंडी लघवीतून सर्वांत जास्त पडतात ती दुपारच्या आसपास. हा आफ्रिकेतला आजार म्हणून ओळखला जातो, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये त्याचं केंद्र दाखवून दिलं आणि पुढे त्याला वाहणारी इवलीशी गोगलगायही सापडली. त्याच्या तपासणीत दहा मिलिलिटर लघवी बारीक गाळणीतून ढकलतात आणि गाळणीवर उरलेली, टोकाला काटा असलेली अंडी मोजतात.

लहान मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारा बारीक पांढरा सूतकृमी तर शौचात अंडी क्वचितच सोडतो. मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर अंडी घालते. सकाळी शी-आंघोळीच्या आधी चिकटपट्टी तिथं दाबून काचेवर चिकटवली की काम झालं. शौच कितीही वेळा तपासलं तरी त्याचा फारसा उपयोग नाही.

दामदुपटीचं यंत्र

तर अंडी कमी पडू लागली की डीएनएकडे वळावं लागतं. पीसीआर हा शब्द कोविडने घराघरात पोचवला. नमुन्यातल्या डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत जायच्या, प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. प्रत्येक प्रतीसोबत चमकणारा रंग सुटतो आणि तो यंत्राला दिसण्याइतका कितव्या फेरीत झाला हे नोंदवतात. एका नमुन्यात २२ व्या फेरीत दिसला आणि दुसऱ्यात ३२ व्या, तर पहिल्यात डीएनए सुमारे हजारपट जास्त होता.

कोणता तुकडा निवडायचा यात गंमत आहे. भजनाच्या वहीचं एखादं फाटकं पान हाती लागलं तर त्यावर तिसरं कडवं असेलच असं नाही. ध्रुपद मात्र बहुधा असतंच, कारण ते पुन्हापुन्हा येतं. जंताच्या जनुकसंचातही काही ओळी हजारो वेळा येतात. अलीकडच्या चाचण्या नेमक्या याच ओळी शोधतात, त्यामुळे एका अंड्यापुरता डीएनएसुद्धा पकडता येतो. डीवर्म-३ या मोठ्या अभ्यासाने भारत, मलावी आणि बेनिनमध्ये जंतांचा प्रसार थांबवता येतो का हे तपासलं, तेव्हा मोजमापासाठी असंच पीसीआर वापरलं.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो तो यंत्राजवळ नव्हे, त्याच्या आधी. अंड्याचं कवच चिवट. नुसत्या रसायनाने ते फुटत नाही, म्हणून नमुना बारीक कठीण मण्यांबरोबर कुपीत घालून जोरजोरात हलवतात, एक प्रकारे कुटतात. हा टप्पा उरकून टाकला तर चाबूककृमी हमखास हुकतो. शौचातले पित्तक्षार आणि वनस्पतींचा अंश पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. मग डीएनए असूनही यंत्र गप्प. ही लबाडी उघडी पाडायला प्रत्येक नमुन्यात दुसराच, ओळखीचा डीएनए मुद्दाम मिसळतात. तो दिसला नाही तर 'जंत नाही' असं लिहायचं नाही, 'चाचणी झाली नाही' असं लिहायचं. आणि आधीच्या चाचणीच्या कोट्यवधी प्रती हवेत उडून नव्या कुपीत पडल्या की सगळं गावच जंतवालं निघतं. म्हणून कुपी भरण्याची खोली वेगळी, यंत्राची वेगळी.

'डीएनए सापडला म्हणजे जंत जिवंत आहे ना?'

बहुधा, पण खात्रीने नाही. मरून विरघळणाऱ्या जंताचा डीएनएही काही दिवस बाहेर पडत राहतो. म्हणून गोळीनंतरचा नमुना लगेच घेत नाहीत, १४ ते २१ दिवसांनी घेतात.

दुसरा धोका जास्त फसवा. अंकुशकृमीचं अंडं उबेत ठेवलं की आतली पेशी विभागू लागते आणि दिवस-दोन दिवसांत अळी बाहेर येते. एका पेशीच्या शेकडो पेशी झाल्या की डीएनएही तितका वाढतो. नमुना दुपारभर गाडीच्या डिकीत राहिला तर मुलाच्या पोटात काही न बदलता पीसीआरचा आकडा फुगतो. त्यामुळे नमुना लगेच थंड ठेवायचा किंवा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचा.

डीएनएने एक गोष्ट मात्र अशी दाखवली, जी अंडी मोजून कधीच कळली नसती. अंकुशकृमींच्या निरनिराळ्या जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. पीसीआरमुळे स्पष्ट झालं की आशियातल्या काही भागांत माणसांमध्येही कुत्र्या-मांजरांतला अँसायलोस्टोमा सेलॅनिकम हा अंकुशकृमी आहे. तिथं मुलांना कितीही गोळ्या दिल्या तरी अंगणातलं कुत्रं माती पुन्हा दूषित करणार.

गोळी लागू पडते का, हे कसं ठरवतात

समजा, गोळीआधी गावात सरासरी ग्रॅमला ४८० अंडी होती, तीन आठवड्यांनी २४ राहिली. घट ९५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोलकृमीत किमान ९५ टक्के, अंकुशकृमीत ९० टक्के घट व्हायला हवी. चाबूककृमीची अपेक्षा फक्त ५० टक्के! म्हणजे हे औषध त्याच्यावर पहिल्यापासून अर्धंमुर्धंच चालतं. ती गोळीतली भेसळ नाही.

शेळ्यामेंढ्यांचे डॉक्टर हे गणित कधीपासून करतात. तीन ग्रॅम लेंडी ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची. खारट पाण्यात कोंबडीचं अंडं तरंगतं तशी जंतांची अंडी वर येतात. ०.१५ मिलिलिटरच्या दोन कप्प्यांत ती मोजून बेरजेला ५० ने गुणायचं. शेळ्यामेंढ्यांचं रक्त पिणाऱ्या हिमाँकस जंतात अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांना दाद न देणं आता जगभर आहे. त्याचं एक कारण साधंच: शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, आणि वर्षानुवर्षं शेळ्यांना मेंढीच्या मापाने औषध दिलं गेलं. अर्धवट मात्रेत तगलेले जंतच पुढची पिढी घालतात.

जंतात बदलतं काय? अल्बेंडाझोल त्याच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीचा सांगाडा उभा राहू देत नाही. या प्रथिनाच्या १६७, १९८ किंवा २०० व्या जागची एक कडी बदलली की औषध नीट चिकटत नाही. आता हजारो जंतांचा डीएनए एकत्र वाचून, त्यांतल्या किती टक्क्यांत हा बदल आहे ते थेट काढता येतं. अमेरिकेत कुत्र्यांच्या अंकुशकृमींत तो सापडलाय आणि गोळ्या निकामी झाल्या आहेत. माणसांच्या जंतांत शेळ्यामेंढ्यांसारखी परिस्थिती दिसलेली नाही, पण ती आली तर आधी इथं, डीएनएमध्ये दिसेल. अंड्यांच्या आकड्यात उशिरा.

तोच उंदीर, दोन जंत

आता यजमानाकडे. निप्पोस्ट्राँगिलस हा जंत उंदराच्या आतड्यातून सुमारे दहा दिवसांत हाकलला जातो. हेलिग्मोसोमॉइडिस त्याच आतड्यात महिनोन् महिने राहतो. यजमान तोच, मग हा फरक का?

पूर्वी आतड्याचा तुकडा वाटून त्यात कोणती जनुकं चालू आहेत ते बघत. पावभाजी चाखून त्यात मटार किती होते ते सांगण्यासारखं. आता एकेक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात पकडतात, थेंबातल्या मण्यावरचा सांकेतिक क्रमांक तिच्या प्रत्येक आरएनएला, म्हणजे चालू जनुकाच्या संदेशाला, चिकटतो आणि सगळं एकत्र वाचलं तरी कोणता संदेश कोणत्या पेशीचा हे वेगळं करता येतं. अडचण अशी की जंत असलेल्या आतड्यात चिकट शेंबूड खूप. पेशी सुट्या करायला विकर घातलं की अर्ध्या मरतात आणि त्यांचा आरएनए शेजारच्या थेंबांत मिसळतो. आकडे वाचण्याआधी मेलेल्या पेशी गाळल्या नाहीत तर निष्कर्ष भलतेच निघतात.

आतड्याच्या अस्तरात डोक्यावर झुपका असलेल्या टफ्ट पेशी असतात. त्यांचं काम काय हे दशकानुदशकं कोडं होतं. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की जंताची चाहूल लागल्यावर आयएल-२५ हा संदेश त्याच सोडतात. त्याने जागी झालेली प्रतिकारपेशी आयएल-१३ सोडते, आतडं जास्त शेंबूड करतं, स्नायू जोरात हलतात, आणि टफ्ट पेशीही कित्येक पटींनी वाढतात. निप्पोस्ट्राँगिलस या पुरात वाहून जातो. हेलिग्मोसोमॉइडिस मात्र आधीच बंदोबस्त करतो. पेशी फुटली की आयएल-३३ नावाचा इशारा बाहेर पडतो. हा जंत असं प्रथिन सोडतो की तो इशारा मेलेल्या पेशीच्या डीएनएलाच बांधून ठेवला जातो. घंटा जागेवर, लोलक बांधलेला. एडिंबरोच्या संशोधकांनी हे २०१७ मध्ये मांडलं, आणि दम्यावर त्याचा उपयोग होईल का याचा शोध तिथून सुरू झाला, कारण दम्यातही हीच घंटा विनाकारण वाजत असते.

'मग आधी तपासा, आणि ज्याला जंत त्यालाच गोळी द्या की!'

वाजवी वाटतं. पण वर पाहिलं तसं, स्वस्त तपासणी हलका संसर्ग सोडून देते, आणि अचूक तपासणी गोळीच्या कितीतरी पट महाग पडते. दिलेल्या मात्रेत गोळी सुरक्षित आहे. जंत नसलेल्या मुलाला तिचा त्रास क्वचित आणि किरकोळ. त्यामुळे प्रत्येक मुलाऐवजी भाग तपासतात: मुलांपैकी २० टक्क्यांहून जास्त जणांना जंत असतील तर वर्षातून एकदा सरसकट गोळी, ५० टक्क्यांच्या पुढे दोनदा. अचूक पद्धती खऱ्या लागतात त्या गोळ्या थांबवायच्या की नाही हे ठरवताना. तिथं काटो-काट्झवर विसंबणं मला तरी धोक्याचं वाटतं.

लॅबला नमुना देताना

सुपारीएवढा पुरे. लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. तासा-दोन तासांत पोचवा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर एक दिवसाआड तीन नमुने द्या. अहवालात 'अंडी दिसली नाहीत' असेल तर ती काचेवरच्या काही मिलिग्रॅममध्ये दिसली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

एका जंतासाठी हेही पुरत नाही. स्ट्राँगिलॉइडिसची अंडी आतड्यातच उबतात, शौचात येतात त्या थोड्याशा अळ्या. तो माणसाच्या आतच पिढ्यान् पिढ्या वाढत राहू शकतो, आणि जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू झालं की अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. म्हणून असे उपचार सुरू करण्याआधी डॉक्टर रक्तातली प्रतिपिंडं तपासायला सांगतात. भाडेकरू निघून गेल्यावरही दारावरची पाटी राहावी तशी ही प्रतिपिंडं कधीकधी राहतात, तरी इथं ती चूक परवडते. दुसरा मार्ग अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, ताटलीचा: दोन-तीन ग्रॅम शौच मधोमध ठेवून ताटली कडेने चिकटपट्टीने बंद करायची. अळ्या अगारवरून सरपटताना जिवाणू अंगाला लावून नेतात. दोन दिवसांनी त्यांच्या वाटेवर जिवाणूंची दाट वसाहत उगवते, आणि अळी दिसो न दिसो, ताटलीवर मधल्या ढिगापासून कडेपर्यंत गेलेली नागमोडी रेघ दिसते.